मुलांच्या डे-केअर वॉर्डाचा आमचा अनुभव
धाकटीच्या जन्मावेळी साठवलेल्या नाळेच्या रक्तातून लेकाचं थॅलेसेमियासाठी प्रत्यारोपण झालं. त्यानंतर पाचव्या महिन्यात त्याची लघवी कोऱ्या चहासारखी दिसली. तांबड्या पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी कूम्ब्स चाचणी पॉझिटिव्ह. नवी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडत होती. स्टेरॉइडनं भागेना, मग अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी-पेशी कमी करणारं रितुक्सिमॅब, सलाईनमधून, आठवड्यातून एकदा, चार वेळा. पहिला डोस सिस्टरनी इतका सावकाश सोडला की सकाळची संध्याकाळ झाली. अंगावर पित्त उठलं तेव्हा लगेच सलाईन थांबवलं, अ‍ॅव्हिल हे ॲलर्जीचं औषध दिलं, पुन्हा निम्म्या वेगानं सुरू केलं. पूर्ण वेळ त्या उशाशी होत्या, हे मी विसरणार नाही. रितुक्सिमॅबनं अँटिबॉडी घटतात म्हणून लागणारं इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी) मात्र फार्मसीत दोनदा संपलेलं. बाहेरून बर्फात घालून धावत आणलं. लहान मुलांच्या वॉर्डात हे चालणार नाही.