जिम्नीची अलॉय जिप्सीला: मापं जुळली आणि तिथेच फसलो

माझी मारुती जिप्सी 2012 ची. स्टीलची चाकं गंजायला लागली तेव्हा ठरवलं, मारुतीच्याच जिम्नीची कंपनी अलॉय (हलक्या मिश्रधातूची चाकं) टाकायची. हा विचार चुकला असं मी आजही म्हणत नाही. दोन्ही गाड्यांना पाच नट, पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 139.7 मिलिमीटर, मधलं भोक 108 मिलिमीटर, 15 इंची रिम. ना स्पेसर, म्हणजे मधली जाड चकती लागत, ना लेथवर काम. शिवाय 2023 मध्ये जिम्नी आल्यापासून हौशी मंडळी शोरूममधून गाडी आणतात, लगेच जाडजूड चाकं चढवतात आणि कंपनीची विकून टाकतात. त्यामुळे बाजारात माल मिळतो.

जाहिरात दिसली: ‘जिम्नीची पाच अलॉय, टायरसकट, फक्त 400 किलोमीटर’. 32,000 रुपये. दुकानात गेलो. मी खिशातून टेप काढायच्या आत विक्रेत्यानेच त्याचा पुढे केला. “साहेब, स्वतः मोजून घ्या.”

पाच नटांच्या चाकाचा पीसीडी सरळ मोजता येत नाही, कारण भोकासमोर भोक येत नाही. शेजारच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्यायचं. 82 मिलिमीटर भरलं की 139.7 चा पीसीडी. 67 भरलं तर 114.3 चा, म्हणजे आपल्या कामाचा नाही. पाचही चाकांवर 82. मी खूश, आणि तो माझ्याहून खूश.

400 किलोमीटर चाललेल्या चाकांना नवा रंग कशाला, हे विचारलं होतं मी. “पावडर कोटिंग आमच्याकडून फ्री.” टायर उतरवून दाखवा म्हटलं, तर “नव्या टायरची बीड, रिमला घट्ट धरणारी कड, कशाला दुखावता?” पटलं मला. माती खाल्ली ती इथे. बिल म्हणून हातात आली एक चिठ्ठी: ‘व्हील 5 नग’. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही.

चाकं बसली झकास. पण सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. जिप्सीवाल्यांना हे दुखणं नवं नाही. पुढचा अ‍ॅक्सल सलग, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनची बेअरिंग ढिली झाली की गाडी अशीच नाचते. म्हणून मी बेअरिंग बदलली, मग स्टिअरिंगचे हादरे शोषणारा डँपर. साडेसहा हजार गेले, थरथर तशीच. त्यात पुढच्या डाव्या चाकाची हवा आठवड्यात 26 वरून 17 वर.

पंक्चरवाल्या काकांनी साबणाचं पाणी मारलं. टायरवर एक बुडबुडा नाही, रिमच्या आतल्या अंगाला मात्र बारीक फेस. टायर उतरवला. टायरखाली झाकला जातो त्या भागावर बोटभर लांबीचं वेल्डिंग, वर पुट्टी घासून रंग मारलेला. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं, तर पापुद्राच निघाला. “ठोकलेल्या गाडीचा माल आहे हा, दादा. घाटात हे तडकलं असतं म्हणजे?” बॅलन्सिंगच्या मशीनवर तेच चाक फिरवलं, तर रिमची कड नुसत्या डोळ्यांना वरखाली होताना दिसत होती. पाचांपैकी दोन चाकं अशी निघाली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी “फिटिंग झाल्यावर रिटर्न नाही”, मग “तुम्हीच खड्ड्यात आपटलं असेल”, मग ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. मी ती चिठ्ठी समोर धरून बसलो होतो.

टायर उतरवून चढवायला चाकामागे फार तर शंभर-दीडशे रुपये लागतात. ते आपण द्या, पण पैसे मोजायच्या आधी रिम उघडी बघा, आतून हात फिरवा आणि मशीनवर बिनटायरची फिरवून घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा.

सध्या गाडीवर जुनी स्टीलचीच चाकं आहेत. चांगली तीन अलॉय गच्चीवर पडून आहेत, जोडीला दोन शोधतोय. कुणाकडे असतील तर कळवा. टायर चढवलेली असतील तर नको.