फुकट चिप्सच्या पोकर टूर्नामेंट: कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि त्यापाठोपाठ पैसे लावून खेळायची ॲप्स बंद पडली. उरली ती फुकट चिप्सवाली. जळगाव-भुसावळच्या ओळखीच्या मंडळींच्या टेबलावर ती भरपूर वापरून झाल्यावरचं मत असं, की टूर्नामेंट शिकायला ती पुरतात, पण हातात येतात तशीच वापरली तर वेळ फुकट जातो.

सार्वजनिक टेबलावर पहिल्याच डावात चौघं ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात, कारण चिप्स संपल्या की पुन्हा मिळतात. तिथे ब्लफचा (कच्च्या पत्त्यांवर मोठ्या चिप्स लावून समोरच्याला पत्ते टाकायला लावण्याचा) सराव करायचाच नाही, पत्ते टाकतंय कोण? त्यापेक्षा खासगी टेबल लावा: 9 जण, सुरुवातीला 100 बिग ब्लाइंड इतक्या चिप्स (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड), 10 मिनिटांची लेव्हल (दर लेव्हलला ब्लाइंड वाढतात), रीबाय (चिप्स संपल्यावर पुन्हा घेणं) बंद, उशिरा प्रवेश बंद. पहिल्या तिघांना 50, 30, 20 गुण आणि महिनाभराची बेरीज. बाहेरून रोख लावायची नाही. लावली तर तो जुगारच झाला. गुण मोजायला लागले की तीच माणसं दुसऱ्या दिवसापासून विचार करून खेळतात.

आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पत्त्यांवर हात बसलेला असतो. त्यातली "बघू तरी काय आहे त्याच्याकडे" ही खोड टूर्नामेंटमध्ये सगळ्यात महाग पडते. तिघं उरलेत, चिप्स 5000, 3000 आणि 2000. पाच हजारवाला ऑल-इन करतो, निर्णय तीन हजारवाल्याचा, दोन हजारवाल्याने या डावात पत्ते आधीच टाकलेत. ब्लाइंड बाजूला ठेवून हिशोब करू. तीन हजारवाल्याने पत्ते टाकले तर आयसीएमप्रमाणे (उरलेल्या चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढायची पद्धत) त्याचा वाटा 32.75 गुणांचा. कॉल करून (समोरच्याच्या ऑल-इनला चिप्स लावून) हरला तर 20, जिंकला तर 41. म्हणजे कॉल परवडायला जिंकायची शक्यता जवळजवळ 61 टक्के हवी. नुसत्या चिप्स मोजल्या तर 50 पुरे वाटतात. समोर एक्का-बादशा असला तरी अठ्ठ्यांची जोडी साधारण 55 पर्यंतच जाते, आणि समोर मोठी जोडी असेल तर बोलायलाच नको. म्हणून इथे अठ्ठ्या टाकायच्या. पहिल्यांदा हे ऐकणारा माणूस हमखास भांडतो. दोन हजारवाला आधी बाहेर जाण्याची शक्यता त्याने धरलेली नसते.

दुसरी चूक 10 बिग ब्लाइंड उरल्यावरची. दोन ब्लाइंडची रेज (वाढवून लावणं) मारायची आणि समोरून ऑल-इन आलं की पत्ते टाकायचे. एका डावात पाचवा हिस्सा गेला, तोही काही न बघता. इतक्या चिप्सवर सरळ ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणं), एवढेच दोन रस्ते ठेवलेले बरे. कॉल करणाऱ्याला मात्र पत्ते जास्त चांगले लागतात: एक्का-सत्ती घेऊन ऑल-इन करणं वेगळं आणि त्याच पत्त्यांवर दुसऱ्याचं ऑल-इन कॉल करणं वेगळं. समोर एक्का-राणी निघाली तर चारांत जेमतेम एकदा वाचाल.

याच्या उलट, बिग ब्लाइंडच्या जागेवर लोक विनाकारण फोल्ड करतात. ब्लाइंड 500/1000, अँटी (बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्या टेबलासाठी भरायच्या जादा चिप्स) 1000, समोरून 2000 ची रेज. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 4500, द्यायचे फक्त 1000. 18 टक्क्यांच्या वर शक्यता असली की गणित जमतं, आणि बऱ्याच साध्या पत्त्यांना ती असते. मात्र फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत) काही लागलं नाही तर मुकाट सोडता आलं पाहिजे.

चुका वहीत नोंदवाव्यात, पण निकाल सोडून. स्टॅक (आपल्या चिप्स) किती ब्लाइंडचा, जागा कोणती, आधी कोणी काय केलं, आपण काय केलं, एवढंच. निकाल लिहिला की डोकं निकालाच्या मागे जातं. एक्क्यांची जोडीसुद्धा बादशांच्या जोडीपुढे पाचांत एकदा हरते, त्यात चूक कोणाचीच नाही. मग विंडोजवर फुकट मिळणाऱ्या इक्विलॅबमध्ये (जिंकायची शक्यता मोजणारा प्रोग्राम) आपले पत्ते भरा आणि समोरच्याला एकच पत्ता-जोड न देता अख्खी रेंज (त्याच्याकडे असू शकणारे सगळे पत्ते) द्या. जोडी 6 प्रकारे येते, एक्का-बादशा 16 प्रकारे. समोरच्याकडे कायम एक्केच दिसणाऱ्यांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

उन्हाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि ॲप तुमचे पत्ते आपोआप टाकत राहतं. नऊ जणांच्या टेबलावर एक फेरी दोन्ही ब्लाइंड आणि अँटी धरून अडीच बिग ब्लाइंडला पडते, म्हणजे 10 ब्लाइंडवाल्याची पाव पुंजी. मोबाइल डेटा आधीच तयार ठेवा, चार रंगी पत्ते (चारही चिन्हांना वेगळा रंग) सुरू करा, आणि रेजची पट्टी बोटाने ओढण्यापेक्षा आकडा टाइप करा. पट्टी घसरून ऑल-इन झालेलं परत घेता येत नाही. काही ॲप्समध्ये मागचे मोजकेच डाव दिसतात. अडखळलेल्या डावाचा स्क्रीनशॉट पुढचे पत्ते वाटले जायच्या आत घ्यायचा.