यूव्ही ब्रश बॉक्स: दिवा नको, आधी तळ बघा

टूथब्रश ठेवायचे एकाच साच्यातले बॉक्स सध्या निरनिराळ्या नावांनी विकले जातात. चार ब्रश अडकवायच्या खाचा, पुढे झाकण, आत जांभळा दिवा, बाजूला पेस्ट पिळायचा दट्ट्या, मागे चिकटपट्टी. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, एखाद्या ब्रँडचं नाही.

आधी दिवा. जंतू मारणारे यूव्ही-सी, म्हणजे अतिनील किरणांतला एक प्रकार, डोळ्यांना दिसत नाहीत. पाऱ्याच्या नळीत त्यांची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर असते, एलईडीत बहुधा २६५ ते २८०. आपल्याला दिसतो तो जांभळा उजेड सोबत आलेला, नाहीतर निव्वळ शोभेचा. म्हणून माहितीपत्रकात हा आकडा शोधा. ३९५ किंवा ४०५ छापलं असेल, तर पाच मिनिटांच्या फेरीत फारसं काही साधणार नाही. आकडाच नसेल तर घेऊ नका. झाकण उघडताच दिवा विझायलाच हवा. तो चालू राहिला तर डोळ्यांना आणि कातडीला इजा होऊ शकते.

दिवा अस्सल असला तरी किरण सरळ जातात. ब्रशच्या केसांच्या झुपक्यांचा बुडखा सावलीत राहतो, आणि पेस्टचा ओलावा व अन्नाचे कण नेमके तिथेच अडकतात. वाळलेल्या पेस्टचा पांढरा थर तर किरणांना अडवतोच. तेव्हा ब्रश वाहत्या नळाखाली अंगठ्याने केस फाकवत धुवायचा, बेसिनच्या काठावर दोन-तीनदा झटकायचा, मगच आत ठेवायचा.

आता तळ. झाकण बंद, ब्रश ओले, खाली पाणी निथळायला भोक नाही: आठवड्याभरात कोपऱ्यात बुळबुळीत थर धरतो. तो गुलाबीसर दिसला तर बहुधा सेराशिया, म्हणजे न्हाणीघरातल्या ओलीत वाढणारा जिवाणू. अमेरिकन डेंटल असोसिएशनचा सल्लाही ब्रश उभा, उघड्या हवेत वाळवण्याचा आहे. रोज बंद डबीत कोंडू नये म्हणतात ते याचसाठी. सुटा निघणारा तळ, त्याला भोक आणि आत छोटा पंखा असलेलं मॉडेल असेल तरच विचार करा. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये सकाळचा ब्रश रात्रीपर्यंत वाळत नाही, तिथे पंखा दिव्यापेक्षा जास्त उपयोगी. बिनखर्चाची सोय म्हणजे माणशी दोन ब्रश, आलटून पालटून.

सगळ्यात वाईट भाग पेस्टचा दट्ट्या. घरातल्या प्रत्येकाचा ओला ब्रश त्याच एका तोंडावर दाबला जातो. म्हणजे दिव्याने जे वेगळं ठेवायचं, ते दट्ट्या एकत्र करतो! शिवाय घट्ट पेस्ट आत वाळून बसते आणि ट्यूबमध्ये बरीच उरते. तो भाग काढून ठेवा, पेस्ट हाताने पिळा.

खाचांमधलं अंतर विकत घेण्याआधी तपासा. ब्रशांची डोकी एकमेकांना टेकता कामा नयेत. लहान मुलांचे जाड दांड्याचे आणि बॅटरीवर चालणारे ब्रश बऱ्याचदा बसतच नाहीत.

सफाई आठवड्यातून एकदा. वायर काढा, तळ सोडवून भांड्याच्या साबणाने व जुन्या ब्रशने घासा, पुसा, रात्रभर झाकण उघडं ठेवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तळ अर्धा तास भिजवा. दिव्याला पाणी लावायचं नाही. तो थंड झाल्यावर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, कारण बोटांचा तेलकटपणाही किरण अडवतो. ब्रश मात्र ३ ते ४ महिन्यांनी बदलायचाच, केस त्याआधी फाकले तर तेव्हाच.

बसवताना टाइल कोरडी पुसून पट्टी दाबा, आणि २४ तास त्यावर वजन टाकू नका. रंगवलेल्या भिंतीवर लावलात तर रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो.

पंखा आणि भोक असलेल्याला पाचपैकी तीन. नुसत्या जांभळ्या दिव्याच्या बंद डब्याला एक, तोही ब्रशवर झुरळ चढत नाही म्हणून.