टाकीसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर की लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट)?

सोसायटीच्या टाकीतलं पाणी निर्जंतुक करायला दोन्हीपैकी काय टाकू असं विचारलंय म्हणून सांगतो, दुकानदार दोन्ही "एकदम सेफ" म्हणूनच विकतो, ते सोडा.

पैशाने टीसीएल परवडते, ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतं, 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम पुरते. पण पिशवी उघडी राहून ओल लागली की गठ्ठे होतात, दम जातो. हायपो त्याहून लवकर उतरतो, उन्हात तर विचारूच नका, आणि कॅन गॅस धरतो.

हाताळायला खरा ताप पावडरीचाच. पिशवी ओतताना जी पांढरी धूळ उडते ती थेट घशात, त्यामुळे मास्क, गॉगल, हातमोजे हवेतच. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत. हायपोची धूळ नाही पण शिंतोडा डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. दोन्हीजवळ टॉयलेटचं ॲसिड अजिबात नको, क्लोरीन वायू सुटतो (आपल्याकडे सगळं एकाच फडताळात कोंबतात!). पावडरीजवळ तेल-डिझेलही नको, पेट घेऊ शकतं.

गावची विहीर, मोठी टाकी, कोरडी खोली आणि शिकवलेला माणूस असेल तर टीसीएल. छोटी टाकी नि काम वॉचमनकडे, तर हायपो, तोही महिन्यापुरताच घ्या.