जळक्या ऑइलने खराब झालेल्या मातीवर कंपोस्टचा उपचार : एका सेवेचे परीक्षण

भोसरीतील आमच्या जुन्या गॅरेजमागच्या जागेत वर्षानुवर्षे जळके ऑइल आणि डिझेल मुरले होते. तेथे झाडे लावण्यापूर्वी माती शुद्ध करून घ्यावी, म्हणून पुण्यातीलच एका कंपनीची ही सेवा आम्ही घेतली. तेलापुरते बोलायचे तर काम चोख झाले. धातूंविषयीचा त्यांचा दावा मात्र मान्य करण्याजोगा नाही.

खणलेल्या मातीत शेण, उसाचे पाचट आणि लाकडाचा भुसा मिसळून लांबट ढीग रचले जातात, आणि त्यांतील जिवाणू व बुरशी तेलातील हायड्रोकार्बनचे (कार्बन व हायड्रोजनच्या संयुगांचे) विघटन करतात. त्यासाठी कर्ब-नत्राचे (कार्बन-नायट्रोजनचे) गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास, ओलावा वजनाच्या साधारण निम्मा आणि हवा भरपूर लागते. आमच्याकडील काळी चिकण माती हवा कोंडते, म्हणून पाचट सढळ हाताने घालावे लागते. कामगारांनी ते घातले, ढीग वेळेवर पालथे केले आणि खाली जाड प्लास्टिक अंथरून तेलकट पाणी इतरत्र जाऊ दिले नाही. (भर पावसाळ्यात असे काम काढणे हे मुळात धाडसच, पण ताडपत्रीची व्यवस्था चांगली होती.) अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, उमाटिला येथील लष्करी आगारातील टीएनटी या स्फोटकाने दूषित झालेली माती १९९० च्या दशकात अशाच ढिगांतून शुद्ध करण्यात आली होती, तेव्हा पद्धतीविषयी शंका नव्हती.

शंका आली ती अहवालाविषयी. त्यात तेलाचे प्रमाण निम्म्याहून खाली आल्याचे म्हटले होते, पण तुलना मूळ मातीशी केली होती. मातीइतक्याच वजनाची भर घातली, तर तेलाचा एक थेंबही न विघटता हा आकडा निम्मा होतो. ढीग रचल्या दिवशीच्या मिश्रणाची मोजणी आम्ही मागून घेतली, तेव्हा घट खरी असल्याचे दिसले. मात्र हा आकडा न मागता मिळायला हवा होता.

माहितीपत्रकात ‘सर्व विषारी घटक नष्ट’ असे छापले आहे. शिसे हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते नष्ट करू शकत नाही. कंपोस्टमधील ह्यूमस (कुजून तयार झालेला सेंद्रिय अंश) आणि फॉस्फेट त्याला बांधून ठेवतात, त्यामुळे ते झाडांत कमी उतरते, पण राहते मातीतच. शिवाय शहरी कचऱ्याचे खत वापरल्यास त्यातूनही धातू येऊ शकतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार अशा खतात शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे, म्हणून खताचा तपासणी दाखला मागून घ्यावा.

म्हणूनच जुन्या बॅटऱ्यांच्या कोपऱ्यातील, शिसे मुरलेली मातीही याच ढिगात घालण्याचा त्यांचा प्रस्ताव आम्ही नाकारला आणि तशी अट करारात लिहून घेतली. त्या मातीसाठी दुसरी सोय आम्ही अजून शोधत आहोत.