गाडीखालचं लिकेज आणि यूव्ही डाय किट: कोकणातल्या जुन्या गाड्यांसाठी घ्यावं का?

जुन्या गाडीखाली काळा डाग दिसला की बऱ्याच गॅरेजात ठरलेलं निदान मिळतं: "मागचं क्रँक ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." सील (इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारी रिंग) स्वस्त असतं, मजुरीच अंगावर येते. निदान बरोबरही असेल, पण गिअरबॉक्स खाली घेण्याआधी खात्री करून घ्यायला ऑनलाइन मिळणारं यूव्ही डाय किट उपयोगी पडतं. किटमध्ये यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाची एक टॉर्च, पिवळा चष्मा आणि डायच्या, म्हणजे त्या प्रकाशात चमकणाऱ्या रंगाच्या, छोट्या बाटल्या येतात. तेलात डाय मिसळायचा, गाडी चालवायची आणि अंधारात टॉर्च मारायची. जिथून तेल झिरपतं तिथे पिवळसर हिरवी रेघ चमकते.

पण किट फक्त जागा दाखवतं. गळतंय काय, हे आधी आपणच ओळखायचं. त्यासाठी रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी डागाचा एक थेंब वाटीभर पाण्यात सोडा. तेल असेल तर तवंग धरतं, ब्रेक ऑइल आणि कूलंट पाण्यात मिसळून जातात. कूलंट रंगीत आणि बुळबुळीत, ब्रेक ऑइल फिकट पिवळं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा ओळखला की विसरत नाही. डावीकडे पुढच्या सीटच्या अंदाजाने स्वच्छ पाणी पडलं असेल तर ते एसीचं. आपल्या दमट हवेत ते भरपूर पडतं, त्याची काळजी नको. त्याच बाजूला आत पायाखालची मॅट चिकट लागली, तर मात्र हीटरचा कॉइल बघा.

आता डायकडे. प्रमाण बाटलीवर वाचा. साधारणपणे चार-पाच लिटर तेलाला 30 मिली डाय लागतो, म्हणजे तीन लिटरच्या आसपास तेल बसणाऱ्या छोट्या गाडीला 20 मिली पुरे. तेलाची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नका. डिझेल गाडीत तेल काजळीने काळं झालेलं असेल तर चमक मरते. तिथे तेल बदलल्याबरोबर डाय घालावा.

किटच्या यशापयशाचा खरा निकाल लागतो धुण्यात. आपल्याकडे चेंबरवर (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीवर) तांबड्या मातीचा आणि तेलाचा मिळून जाड लेप बसलेला असतो. त्यावर डाय घातलात तर सगळं बूडच चमकेल आणि हाती काही लागणार नाही. डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकने झाका, डिग्रीझर आणि ब्रशने लेप काढा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. साबणाची पावडर वापरू नका, तिचा अंश यूव्हीखाली निळसर पांढरा चमकतो. मग डाय घालून 20-30 किलोमीटर फिरवून या, तेही कोरड्या रस्त्यावर. भर पावसात चाकांनी उडवलेलं पाणी तेल सगळीकडे फासून टाकतं, म्हणून आषाढ-श्रावणात उघडीप मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

टॉर्च मारताना खालून वर बघत जा. चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो आणि उतार त्याला खाली नेतो, त्यामुळे सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची चमक हीच उगमाची जागा. कार्बोरेटरवाल्या मारुती 800चं उदाहरण घ्या. हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला डिस्ट्रिब्यूटर बसतो. त्याची ओ-रिंग कडक झाली की तेल तिथून ओघळून बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कव्हरवर) येतं आणि खालून बघणाऱ्याला हुबेहूब मागच्या सीलचं लिकेज वाटतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच आणि ड्रेन प्लगचा वॉशर हेही असेच फसवतात. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तर दोन रिंगांमधून तेल जोरात जातं. एकाच वेळी तीन-चार जागा चमकल्या तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातल्या वाफा बाहेर काढणारा) तपासा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि नवी पॅकिंगही टिकत नाहीत.

कूलंटसाठी वेगळा, पाण्यात मिसळणारा डाय लागतो, पण त्यावर पैसे घालवायची गरज सहसा पडत नाही. बरीचशी हिरवी कूलंट मुळातच यूव्हीत चमकतात. शिवाय हे लिकेज गरम इंजिनात, दाबाखालीच उघडं पडतं. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा (बारमध्ये) असतो. गार इंजिनावर टेस्टरने तेवढाच दाब देऊन बघणं जास्त भरवशाचं. वॉटर पंपाचं बारीक भोक आणि पाइपांच्या क्लिपा आधी बघा. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलेल्या गाडीत ब्लॉकच्या डमी (इंजिनाची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) गंजून पाझरतात.

ब्रेक ऑइलमध्ये डाय अजिबात घालू नका. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा बाटलीतली पातळी झपाट्याने उतरली, तर आंबा किंवा फोंडा घाट सोडाच, बाजारापर्यंतसुद्धा गाडी नेऊ नका. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने ब्रेकच्या लोखंडी नळ्या क्लिपांखाली गंजतात. तिथे माती खरवडून डोळ्यांनीच बघावं लागतं.

किटची कमजोर बाजू म्हणजे टॉर्च. स्वस्त किटमध्ये 395 नॅनोमीटरची येते. तिचा जांभळा उजेडच इतका पडतो की बारीक रेघ त्यात हरवते. 365 नॅनोमीटरची टॉर्च वेगळी घ्या आणि काम काळोख पडल्यावर करा. अंगणात रात्री खाली वाकताना एक ध्यानात असू द्या: यूव्हीत विंचूही हिरवट चमकतो. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली टेकू म्हणून जांभ्याचा चिरा लावू नका, वजनाखाली तो भसकन फुटतो. लोखंडी स्टँडच हवेत.

दुरुस्तीनंतर डाय काढायला तेल बदलायची गरज नाही, पुढच्या सर्व्हिसिंगला तो निघून जातो. फक्त जुनी चमक डिग्रीझरने पुसा आणि दोन-तीन दिवस गाडी वापरून पुन्हा टॉर्च मारा.