दोन मॉनिटर आणि चार्जिंग एका केबलवर: ड्रायव्हरवाला डॉक की थंडरबोल्ट?

लॅपटॉपचं चार्जिंग आणि दोन मोठे मॉनिटर एकाच केबलवर आणायचं ठरलं, की खरी निवड डॉकच्या दोनच जातींत उरते. डॉक म्हणजे मॉनिटर, डिस्क, माउस आणि चार्जिंग एकत्र करून एका केबलनं लॅपटॉपला जोडणारी पेटी. एक, लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर (छोटं सॉफ्टवेअर) टाकून चालणारा यूएसबी डॉक. दुसरा, थंडरबोल्ट डॉक, म्हणजे यूएसबी-सी आकाराच्याच पण जास्त वेगवान पोर्टवर चालणारा. मी दोन्ही स्वतःच्या पैशांनी घेतले. पहिला दहा महिने वापरला, दुसऱ्याला आता दुसरं वर्ष सुरू आहे. पोर्ट किती, नेटवर्कची केबल लागते का, कार्ड रीडर आहे का, हे खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे सांगत नाही. खोक्यावर नसलेलं सांगतो.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, कारण निर्णय त्यावरच झाला. मी मराठी मासिकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करतो. मुलुंडला घर, हॉलच्या कोपऱ्यात पाच फुटांचं टेबल, त्यावर २७ इंची दोन ४के मॉनिटर. डावीकडे पान उघडं असतं, उजवीकडे लेखकानं लाल खुणा करून पाठवलेलं प्रूफ. आठवड्यातून दोनदा लॅपटॉप घेऊन दादरला छापखान्यात जावं लागतं. पूर्वी सकाळी निघताना चार्जर, दोन एचडीएमआय, हार्ड डिस्क आणि माउस अशा पाच वायरी काढायच्या आणि रात्री परत लावायच्या, हे चालायचं. एक केबल उपसली की निघालो, एवढंच मला हवं होतं.

दोन्ही डॉक बाहेरून जवळपास सारखे दिसतात, आत मात्र काम अगदी वेगळं चालतं. थंडरबोल्टमध्ये लॅपटॉपच्या ग्राफिक्समधून निघालेला चित्राचा सिग्नल आहे तसाच केबलमधून मॉनिटरपर्यंत जातो. ड्रायव्हरवाल्यात लॅपटॉपमधला ड्रायव्हर चित्र उचलतो, प्रोसेसर वापरून ते आवळतो आणि साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो. डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडून मॉनिटरला देते. डिस्प्लेलिंक आणि इन्स्टंटव्ह्यू ही या जातीतली परिचित नावं. माझा कोणता होता, याला इथे महत्त्व नाही.

आवळावं का लागतं, याचा हिशोब सोपा आहे. ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट रंग, सेकंदाला ६० वेळा. म्हणजे एका ४के पडद्याला सेकंदाला साधारण १२ गिगाबिट, दोन पडद्यांना २४. साध्या यूएसबी ३ चा रस्ता ५ गिगाबिटचा. थंडरबोल्ट ३ आणि ४ चा ४० गिगाबिटचा, त्यात दोन्ही पडदे न आवळता मावतात.

स्वस्तातले दोन एचडीएमआयवाले छोटे हब या तुलनेत मी धरलेले नाहीत. प्रवासात ते उपयोगी आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच हबवर ४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच चालतो, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, आणि माउसचा बाण अडखळत फिरतो. मॅकवर तर असे बरेच हब दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवतात, कारण एका सिग्नलमधून दोन स्वतंत्र पडदे काढण्याची डिस्प्लेपोर्टची जी सोय आहे, ती मॅकओएसनं त्या कामासाठी घेतलेलीच नाही. रोजच्या टेबलासाठी मी ते सुचवणार नाही.

मी आधी ड्रायव्हरवाला घेतला. लॅमिंग्टन रोडला दोन-तीन दुकानं फिरलो. थंडरबोल्टची किंमत जवळपास दुप्पट होती, आणि दुकानदाराचं म्हणणं होतं की कामात फरक कळणार नाही. त्याचं बोलणं पूर्ण चूक होतं असं आजही म्हणणार नाही. घरी आणून ड्रायव्हर टाकला, दहा मिनिटांत दोन्ही मॉनिटर सुरू झाले. स्थिर पान पडद्यावर असेल तर अक्षरं स्वच्छ दिसायची, कारण चित्रातला जेवढा भाग बदलतो तेवढाच ही पद्धत पाठवते. मेल, एक्सेल, ब्राउझर, मीटिंग, कशातच कुरकूर नव्हती. शिवाय हा डॉक थंडरबोल्ट नसलेल्या साध्या लॅपटॉपलाही चालतो. घरातले लॅपटॉप वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या वयांचे असतील तर ही गोष्ट फार कामाची आहे.

मग ऑगस्ट आला आणि दिवाळी अंकांची पानं सुरू झाली.

मांडणीच्या कामात पान सतत हलत असतं. दोनशे टक्के मोठं करायचं, स्तंभाच्या वरपासून खालपर्यंत सरकवत न्यायचं, प्रूफातली लाल खूण बघायची, परत पानावर यायचं. इथे मला ती गोष्ट दिसली, आणि एकदा दिसल्यावर ती दिसायची थांबली नाही. पान सरकवलं की अक्षरं आधी क्षणभर मऊ दिसायची आणि थांबल्यावर घट्ट व्हायची. ओळीतला काना, वेलांटी कळायची, पण अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरातल्या बारीक फटी किंचित मागून यायच्या. इंग्रजी मजकुरात हे एवढं जाणवत नाही. रोमन अक्षर ढोबळ आकारावर ओळखता येतं. देवनागरीत ‘मंद’ आणि ‘मद’ यांत फरक एका ठिपक्याचा, आणि ‘पंत’ आणि ‘पत’ यांतही तेवढाच. तो ठिपका अर्धा क्षण उशिरा उमटला तर डोळा थांबायला शिकतो. पान सरकवा, थांबा, घट्ट होऊ द्या, मग वाचा. दिवसाला चाळीस पानं तपासताना हे थांबणं हजारो वेळा होतं. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, आणि आपण हे वाचलं की नुसतं बघितलं, अशी शंका मनात राहायची.

डॉकमुळे अंकात एखादी चूक छापली गेली असं मी म्हणणार नाही, तसं झालंही नाही. पण प्रूफ वाचणाऱ्याचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास कमी होणं हे माझ्या लेखी मोठं नुकसान आहे. सगळ्यात वाईट वेळ रात्रीची. एका अंकाची छपाईसाठीची पीडीएफ निघत असताना मी दुसऱ्या अंकाचं पान तपासायचो. प्रोसेसर पीडीएफमध्ये गुंतलेला, आणि चित्र आवळायचं कामही त्याच्याच गळ्यात. तेव्हा बाण हाताच्या मागून चालल्यासारखा वाटायचा.

उपाय करून बघितले. नवा ड्रायव्हर टाकला, पोर्ट बदलला, केबल बदलली. दोन्ही मॉनिटर ४के वरून १४४० ओळींवर आणले तेव्हा हालचाल बरीच सुधारली, पण मग अक्षरंच जाड दिसायला लागली. त्यासाठी ४के मॉनिटर घेतले नव्हते. मी मोजमाप केलेलं नाही, सांगतोय तो फक्त माझ्या डोळ्यांचा अनुभव. दुसऱ्या कुणाला हे कदाचित जाणवणारही नाही.

त्या दिवाळीनंतर एका मित्राचा थंडरबोल्ट डॉक आठवडाभर मागून आणला. केबल लावली, पान मोठं केलं, सरकवलं. अक्षरं पानाबरोबर सरकली, मागे काहीच राहिलं नाही. पहिल्या दहा मिनिटांत ठरलं, उरलेले सहा दिवस मी फक्त खात्री करत होतो. डिसेंबरात स्वतःचा घेतला.

आता त्याच्या अडचणी, कारण त्या आहेत. किंमत सांगितलीच. दुसरी अडचण केबलची. माझ्या डॉकबरोबर आलेली केबल हातभर लांब आहे. लांब थंडरबोल्ट केबल मिळते, पण पूर्ण वेग हवा तर महाग पडते. त्यामुळे डॉक लॅपटॉपच्या शेजारीच ठेवावा लागतो, टेबलाखाली लपवता येत नाही. तिसरी अडचण गरम होण्याची. एप्रिल-मेच्या दुपारी डॉकचं कवच चांगलंच तापतं. मी तो उभा ठेवतो आणि वर कागद ठेवत नाही. अजून त्यानं त्रास दिलेला नाही. चौथी, अडॅप्टर. विटेएवढा असतो, पॉवर स्ट्रिपवर शेजारच्या पॉइंटची जागाही खातो. आमच्यासारख्या हॉलमध्ये, जिथे टीव्ही, राउटर आणि दिव्याचा प्लग एकाच बोर्डावर आहेत, तिथे याचा आधी विचार केलेला बरा.

लाईट गेली तर दोन्ही जाती सारख्याच. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण डॉक बंद पडतो आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क लिहिता लिहिता तुटते. पावसाळ्यात दोनदा हा अनुभव घेतल्यावर मी डॉक, मॉनिटर आणि डिस्क ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर घेतले. पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात फाइल सेव्ह होते आणि डिस्क नीट काढता येते. राउटरसाठी जो छोटा यूपीएस मिळतो त्यावर डॉक चालत नाही. डॉकच्या खर्चात यूपीएसचे पैसे आधीच धरा.

चार्जिंगबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. माझ्या पहिल्या डॉकच्या खोक्यावर ‘१०० वॉट’ होतं. तो आकडा अडॅप्टरचा होता. डॉकचं स्वतःचं काम आणि पोर्टना द्यायची वीज वजा जाता लॅपटॉपला मिळायचे ६०. माझ्या लॅपटॉपचा मूळ चार्जर ९० वॉटचा. साध्या कामात काही कळायचं नाही, पण रात्री पीडीएफ काढताना केबल लावलेली असूनही बॅटरी हळूहळू उतरायची. आताचा डॉक लॅपटॉपला ९६ वॉट देतो आणि तो प्रश्न संपला. खोक्यावर ‘लॅपटॉपला किती’ हा आकडा वेगळा शोधा आणि तो आपल्या चार्जरवरच्या आकड्याशी ताडून बघा. यूएसबी पॉवर डिलिव्हरीची जुनी मर्यादा १०० वॉट होती, २०२१ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीनं ती २४० पर्यंत नेली, पण दुकानात दिसणारे बहुतेक डॉक अजून १०० च्या आतच देतात. गेमिंगचा भला मोठा चार्जरवाला लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर वेगळाच लावावा लागेल हे धरून चला. आणि डॉकची केबल हरवली तर मोबाइलची केबल लावू नका. ६० वॉटच्या वर जायला केबलमध्ये वेगळी चिप लागते, ती मोबाइलच्या साध्या केबलमध्ये बहुधा नसते, आणि तसल्या बऱ्याच केबलींतून मॉनिटरही चालत नाहीत.

एवढं सगळं थंडरबोल्टच्या बाजूनं बोलूनही एका ठिकाणी मी ड्रायव्हरवाला डॉकच सुचवेन. ॲपलच्या एम१ किंवा एम२ चिपचं मॅकबुक एअर असेल तर. त्याला थंडरबोल्टचा पोर्ट आहे, पण ते बाहेरचा एकच मॉनिटर चालवतं. कितीही महागडा थंडरबोल्ट डॉक लावला तरी दुसरा पडदा मिळणार नाही. एम३ एअरमध्ये झाकण बंद ठेवलं तर दोन चालतात, एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही. तेव्हा एम१, एम२ वाल्यांना दोन मॉनिटर हवेत तर रस्ता ड्रायव्हरचाच आहे. मॅकवर तो ड्रायव्हर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतो, ते बघून घाबरू नका, चित्र उचलायला त्याला ती लागतेच. फक्त सिनेमा-मालिकांच्या ॲपमध्ये त्या मॉनिटरवर चित्राच्या जागी काळा पडदा दिसू शकतो.

माझा पहिला डॉक आता ठाण्याला धाकट्या बहिणीकडे आहे. ती चार्टर्ड अकाउंटंट, तिचं एम२ एअर. एका मॉनिटरवर ताळेबंद, दुसऱ्यावर रिटर्न. तिचे आकडे जागेवर असतात, पान हलत नाही. वर्षभरात तिनं एकदाही तक्रार केलेली नाही, उलट दुसरा मॉनिटर मिळाल्यापासून तिचं मार्च महिन्याचं काम हलकं झालं. ज्या डॉकनं मला थकवलं तो तिच्याकडे समाधानानं चालतो, म्हणून त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपसाठी घेत असाल तर आधी तिथल्या आयटी विभागाला विचारा. बऱ्याच ठिकाणी बाहेरचा ड्रायव्हर टाकू देत नाहीत, आणि मग तो डॉक नुसता चार्जर होऊन बसतो. थंडरबोल्टला असा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र पोर्टशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे का ते बघा. नुसता यूएसबी-सीचा आकार असून भागत नाही.

थंडरबोल्ट ५ साठी थांबावं का, असं हल्ली कुणी ना कुणी विचारतं. त्याचा रस्ता ८० गिगाबिटचा आहे. ६० हर्ट्झच्या दोन ४के मॉनिटरना त्याची गरज नाही, तेव्हा त्यासाठी मी थांबणार नाही.

घेण्यापूर्वी एक करा. दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप न्या आणि आपल्या रोजच्या कामातलं एक पान त्यात ठेवा. दुकानदार व्हिडिओ लावून दाखवेल, तो दोन्ही डॉकवर छान दिसतो. तुम्ही आपलं पान उघडा, मोठं करा, बारीक मजकुराच्या ओळीवर नजर ठेवून ते वरखाली सरकवा. ठिपके अक्षरांबरोबर येत असतील तर स्वस्तातला घ्यायला हरकत नाही. मागून येत असतील, आणि तुमचं काम वाचण्याचं असेल, तर जास्तीचे पैसे घाला.